समुद्राची बोट, नदीची बोट आणि भाड्याचा हिशेब

बचत आणि कर्जफेडीचा विषय संपला की हल्ली गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघतो. कुणाच्या तरी फोनवर मुंबईहून मुलाने पाठवलेली जाहिरात असते: ‘आलिशान क्रूझ, तीन रात्री, सर्व काही समाविष्ट’. मग प्रश्न येतो, हे ‘सर्व काही’ म्हणजे नेमकं काय? समुद्रातली बोट बरी की नदीतली? आज त्याचीच माहिती घेऊ. उमरठ, पोलादपूर, महाड भागातल्या किती जणी अशा बोटीत बसतील ते बसतील. पण अशा बोटीचं भाडं वाचता आलं, तर देवदर्शनाच्या बसचं भाडंही नीट वाचता येतं. गटाने पाहुण्यांना जेवण द्यायचं ठरवलं, तर आपला दर कसा लिहायचा हेही कळतं. पैसा आपल्या कष्टाचा आहे, म्हणून हा विषय.

मोठी बोट आणि लहान बोट

बोटीचा प्रवास आपल्या मुलखाला नवा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले होते. हरिहरेश्वरपर्यंत समुद्राचा प्रवास, तिथून दुसऱ्या बोटीने सावित्रीच्या खाडीतून दासगाव, आणि पुढे महाडपर्यंत पायी. समुद्राची बोट मोठी असते, तिला खोल पाणी लागतं. नदीची बोट लहान असते, ती गावाच्या जवळ जाते. आजच्या आलिशान क्रूझमध्येही मूळ फरक हाच आहे, आणि सेवा, जेवण, सहल या सगळ्यातला फरक त्यातूनच येतो.

मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणारी कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही समुद्री क्रूझ घ्या. ही सेवा सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. बोट १९९० साली बांधलेली, अकरा मजल्यांची, आणि तिच्यात १,८०० च्या आसपास प्रवासी मावतात. आपल्या वाडीवस्त्यांसकट एखादं गाव त्यात बसेल. जगात याहूनही मोठ्या बोटी आहेत. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’मध्ये वीस मजले असून ती जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी घेते.

आता नदीची बोट. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून ‘गंगा विलास’ निघाली. गंगेतून बांगलादेशमार्गे ब्रह्मपुत्रेत जाऊन आसामातल्या दिब्रुगडपर्यंत ३,२०० किलोमीटर, ५१ दिवस. बोट ६२ मीटर लांब, १२ मीटर रुंद, खोल्या फक्त १८ आणि प्रवासी ३६. उथळ पाण्यातून जाता यावं म्हणून ती पाण्याखाली जेमतेम १.४ मीटर असते. युरोपात ऱ्हाईन आणि डॅन्यूब नद्यांवर ज्या मोठ्या कंपन्यांच्या बोटी फिरतात, त्यांतही साधारण १९० च्या आसपासच प्रवासी असतात.

सेवा

नदीच्या बोटीत माणसं कमी, म्हणून लक्ष जास्त. गंगा विलासवर ३६ प्रवाशांसाठी सुमारे ४० कर्मचारी होते, म्हणजे पाहुण्यांपेक्षा वाढणारे हात जास्त. आयकॉनवर ७,६०० प्रवाशांमागे २,३५० कर्मचारी, म्हणजे एका माणसाकडे तीनाहून जास्त प्रवासी. नदीच्या बोटीत बहुतेक वेळा जेवणाची एकच मोठी खोली असते. सगळे एका वेळी बसतात, दोन दिवसांत वाढणाऱ्याला तुमचं नाव आणि तुम्हाला तिखट किती चालतं हे ठाऊक होतं. संध्याकाळी उद्याच्या गावाची माहिती सांगणारा माणूस येतो. नाचगाणी, तलाव, मुलांचे खेळ असा गलबला फारसा नसतो. कित्येक कंपन्या तर लहान मुलांना घेतच नाहीत.

समुद्राच्या मोठ्या बोटीत उलट आहे. खानावळी अनेक, रोज रात्री कार्यक्रम, पोहायचा तलाव, दुकानं. घरातल्या सुना-मुली, नातवंडं सगळे एकत्र जाणार असतील, तर तिथे प्रत्येकाला काहीतरी मिळतं. मात्र रांगा असतात. समुद्राच्या ज्या बोटी खरोखर आलिशान म्हणवतात, त्या मुद्दाम लहान असतात, पाचशे ते हजार प्रवाशांच्या. तिथे सेवा नदीच्या बोटीसारखी होते आणि भाडंही तसंच चढतं.

दोन गोष्टी आपल्या वयाच्या आणि आपल्याहून थोरल्या बायकांनी विचाराव्यात. पहिली तब्येतीची. समुद्राच्या मोठ्या बोटीवर डॉक्टर आणि लहानसा दवाखाना असतो, पण त्याचं बिल वेगळं होतं. नदीच्या बोटीवर बहुधा डॉक्टर नसतो, गरज पडली तर काठावरच्या गावात नेतात. गरोदर बाईला २४ आठवड्यांनंतर बऱ्याच समुद्री क्रूझ घेत नाहीत. दुसरी गोष्ट हलण्याची. नदीत बोट फारशी हलत नाही. समुद्रात ज्यांना मळमळतं, त्यांनी खालच्या मजल्यावरची मधली खोली मागावी, तिथे हेलकावा कमी बसतो. गुडघे दुखत असतील तर नदीच्या बोटीचा जिना आणि घाटाच्या पायऱ्या किती, हेही आधी विचारावं.

भाड्यात काय येतं

सगळा घोळ इथे असतो. मोठ्या समुद्री क्रूझच्या साध्या भाड्यात खोली, मुख्य खानावळीतलं जेवण आणि बोटीवरचे कार्यक्रम येतात. बंदराचे आकार आणि कर, सेवाशुल्क म्हणजे बक्षिशी, बाटलीबंद पेयं, खास खानावळ, इंटरनेट आणि काठावरची सहल हे सहसा वेगळं लागतं. परदेशी मोठ्या बोटींवर ही बक्षिशी माणशी दिवसाला साधारण १५ ते २० डॉलर इतकी असते आणि ती आपोआप बिलात चढते. फोनचंही ध्यानात ठेवा. खोल समुद्रात आपला मोबाइल बोटीच्या नेटवर्कवर गेला तर बिल भारी येतं, म्हणून तो विमानातल्यासारखा बंद करून ठेवायचा.

नदीच्या आलिशान बोटीच्या भाड्यात बहुधा जेवण, चहा-कॉफी आणि गावोगावची मार्गदर्शकासह सहल धरलेली असते. काही कंपन्या रोजची एकच सहल धरतात आणि दुसरी हवी तर पैसे घेतात. म्हणून जाहिरातीत नदीचं भाडं मोठं दिसतं. गंगा विलासच्या ५१ दिवसांसाठी माणशी वीस लाख रुपयांच्या आसपास भाडं असल्याच्या बातम्या आल्या होत्या. आकडा डोळे फिरवणारा आहे. पण तो ५१ दिवसांचा आहे, भागाकार केला तर दिवसाला ३९ हजारांच्या आसपास येतो. तरीही महागच, पण आता तो दुसऱ्या बोटीच्या एका दिवसाशी ताडून पाहता येतो. कुठलाही दर आधी ‘माणशी, दिवसाला’ असा करून घ्यायचा.

आणखी एक मेख आहे. जाहिरातीतलं भाडं हे एका खोलीत दोघं राहणार असं धरून असतं. एकटी बाई गेली तर तिला जास्त पडतं, कुठे दीडपट, कुठे दुप्पट. आपल्या गटांत एकट्या राहणाऱ्या, नवरा गेलेल्या बहिणी आहेत. त्यांची जोडी आधी लावा, मग पैसे भरा.

काठावरची सहल

समुद्राची बोट बंदराला लागते आणि ठरलेल्या वेळी सुटते. गोव्यात ती मुरगाव बंदरात लागते. तिथून जुन्या गोव्याची चर्चं किंवा मंगेशीचं देऊळ पाहायचं तर बसने जावं-यावं लागतं, आणि हातात एकच दिवस असतो. लक्षद्वीपला पाणी उथळ आणि प्रवाळांचं, म्हणून मोठी बोट बाहेर थांबते आणि लहान बोटींनी बेटावर नेतात. बोटीच्या कंपनीकडून घेतलेली सहल महाग पडते, पण उशीर झाला तर बोट त्या लोकांसाठी थांबते. स्वतःच रिक्षा करून गेलात आणि उशीर झाला, तर बोट निघून जाते.

नदीची बोट गावाच्या काठालाच लागते. गंगा विलासच्या वाटेवर सारनाथ, विक्रमशिलेचे अवशेष, सुंदरबन, काझीरंगा, माजुली बेट अशी ठिकाणं होती. पण नदीलाही तिचे नखरे असतात. बिहारात छपऱ्याजवळ चिरांद पाहायला जाताना मोठी बोट मुख्य प्रवाहात उभी ठेवून पर्यटकांना लहान बोटींनी काठावर नेलं. युरोपात २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात ऱ्हाईनचं पाणी इतकं उतरलं, की काही ठिकाणी प्रवाशांना बसने पुढे न्यावं लागलं. समुद्रात वादळी हवा असली तर बोट एखादं बंदर सोडून देते. असं झालं तर पैसे परत मिळतात की नाही, हे करारात बारीक अक्षरात असतं. ते वाचल्याशिवाय सही करू नये.

हिशेब करून पाहू

समजा, तीन रात्रींचे दोन दर आले आहेत. पहिलीचं भाडं १८,००० रुपये. त्यावर कर आणि बंदराचे आकार ४,५००, बक्षिशी रात्रीला ५०० प्रमाणे १,५००, काठावरची सहल २,००० आणि वरखर्च ५००. झाले २६,५००. दुसरीचं भाडं २५,०००, आणि त्यात हे सगळं धरलेलं. जाहिरातीत दुसरी सात हजारांनी महाग दिसत होती, प्रत्यक्षात दीड हजाराने स्वस्त निघाली. आता दुसरी बाजू पाहा. तुम्ही काठावर उतरणारच नसाल, तर पहिली २४,५०० ला पडते आणि तीच स्वस्त. म्हणजे ‘सर्व काही समाविष्ट’ हे प्रत्येक वेळी फायद्याचं नसतं. जे आपण वापरणार नाही, त्याचे पैसे का द्यायचे?

म्हणून बोट असो की बस, पैसे देण्याआधी हे प्रश्न लिहून विचारा आणि उत्तरही लिहूनच घ्या:

कर धरून माणशी एकूण किती?
जेवण किती वेळा, पाण्याची बाटली धरून की वेगळी?
बक्षिशी, प्रवेशशुल्क, वाटाड्या यांचे पैसे कोण देणार?
एका खोलीत किती जणी, एकटीला किती?
सहल रद्द झाली, किंवा एखादं ठिकाण चुकलं, तर परत काय मिळेल?
आजारी पडलं तर जवळचा दवाखाना कोणता आणि खर्च कुणाचा?

तोंडी ‘ताई, काळजी करू नका’ हे उत्तर नाही. गटाच्या वहीत जे लिहिता येतं, तेच उत्तर.

आपल्या अंगणातली गोष्ट

आता हीच गोष्ट उलट्या बाजूने पाहू. उमरठला तानाजी मालुसरे यांच्या समाधीला लोक येतात. रायगडाला, प्रतापगडाला निघालेल्या गाड्या आपल्या तालुक्यातून जातात. त्यांच्या सहलीतलं ‘काठावरचं गाव’ आपण आहोत. गाडी अर्धा तास थांबते, फोटो काढते आणि निघून जाते. ती जेवायला थांबावी असं वाटत असेल, तर पाहुण्यांनाही आपल्यासारखाच प्रश्न पडतो: दरात काय येतं?

‘घरगुती जेवण मिळेल’ एवढ्या पाटीने भागत नाही. असं लिहा: एका ताटात तांदळाच्या दोन भाकऱ्या, वालाची उसळ, भात, आमटी, लोणचं, पापड, ताक. तिसऱ्या भाकरीचे इतके. नाचणीची भाकरी हवी तर आदल्या दिवशी सांगा. दहाहून जास्त माणसं असतील तर अर्धे पैसे आगाऊ. हात धुवायला पाणी, बायकांसाठी शौचालय आणि बसायला सावली आहे. समाधीची माहिती सांगायला गावातली मुलगी सोबत हवी असेल, तर तिचे पैसे वेगळे आणि ते थेट तिच्या हातात. मुलीच्या कामाचे पैसे ताटाच्या दरात बुडवू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती येणार नाही.

दर ठरवताना तांदूळ, तेल, गॅस यांच्याबरोबर आपली मजुरीही धरायची. बोटीच्या कंपन्या वाढणाऱ्याची बक्षिशीसुद्धा हिशेबात लिहितात. आपण मात्र पहाटे चारला उठून भाकऱ्या थापतो आणि त्या श्रमाची रक्कम वहीत शून्य असते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या ताटाचा असा हिशेब कागदावर मांडून आणा. तीन-चार कागद शेजारी ठेवले की आपला दर आपणच ठरवू.