म्हशीला चालते, माशाला का नाही?

जळगाव-धुळ्यात कापूस भरपूर, म्हणून सरकीची ढेपही भरपूर. पण तिच्यात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं. म्हशीच्या पोटातले सूक्ष्मजीव ते आवरतात. रोहू-कटल्याला ती सोय नाही. ढेपेतला बराचसा फॉस्फरसही फायटेटमध्ये अडकलेला. माशाला तो पचत नाही, तळ्यात उतरून शेवाळ माजवतो.

मग म्हशीच्या पोटातलं काम टाकीत करायचं! बिबड्यांसाठी आपण ज्वारी आंबवतोच की. ओलसर ढेपेत योग्य बुरशी किंवा यीस्ट वाढवली की गॉसिपॉल घटतं, फायटेज एन्झाइम फॉस्फरस मोकळा करतं. समुद्रातल्या मासळीची पूडही खाद्यात कमी लागते.

मात्र ओलावा-तापमान बिघडलं, तर अफ्लाटॉक्सिनची विषारी बुरशी शिरते. म्हणजे खरा प्रश्न कंट्रोलचा, आपल्याच अभ्यासक्रमातला. प्रोजेक्टचा विषय शोधताय ना?