बापूराव पलुस्कर: साडेतीन मिनिटांतला पूर्ण राग

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावते. ख्यालाच्या मैफलीत एवढ्या वेळात तंबोऱ्यांची जवारी कानात भरलेली असते, गायकाने षड्ज लावलेला असतो आणि श्रोते सावरून बसलेले असतात. नाशकात जन्मलेल्या दत्तात्रेय विष्णू पलुस्करांनी तेवढ्याच वेळात राग उभा केला, बंदिश मांडली, आलाप, बोल आणि ताना यांना ज्याचा त्याचा वाटा दिला आणि गाणे समेवर आणून पुरे केले. संगीतातले लोक त्यांना बापूराव म्हणत. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९४४ साली निघाली आणि २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, मेंदूज्वराने त्यांचा अंत झाला. ध्वनिमुद्रणाला मिळाली ती उणीपुरी अकरा वर्षे.

एवढ्या लवकर गेलेल्या कलावंताबद्दल बोलताना ‘आणखी जगले असते तर’ ही हळहळ ओठांवर येतेच, आणि ती खरीही आहे. पण त्या हळहळीत एक अन्याय दडलेला आहे. बापूरावांच्या तबकड्या पुढे होणाऱ्या मोठ्या गाण्याचे नमुने म्हणून ऐकल्या जातात. त्या तशा नाहीत. प्रत्येक तबकडी ही आपल्या जागी पुरी झालेली रचना आहे, आणि ती तशीच ऐकली पाहिजे.

नाशिकचे घर

पलुस्करांचे मूळ आडनाव गाडगीळ. सांगलीजवळच्या पलूस गावावरून ते पलुस्कर झाले. बापूरावांचे वडील म्हणजे गायनाचार्य विष्णू दिगंबर पलुस्कर. १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णू दिगंबरांचे डोळे लहानपणी दारूकामाच्या भडक्याने अधू झाले. म्हणून मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे गाणे सुरू झाले, आणि बाळकृष्णबुवांनी महाराष्ट्रात आणलेली ग्वाल्हेर गायकी त्यांच्या गळ्यात उतरली. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये मुंबईला. दरबारात आणि उस्तादांच्या घरात असलेली विद्या फी भरून, वर्गात बसून, पुस्तकावरून शिकता येईल अशी सोय त्यांनी केली. मुंबईची वास्तू पुढे कर्जापायी हातची गेली. उत्तरायुष्यात ते रामभक्तीकडे वळले आणि नाशकात रामनाम-आधाराश्रम उभारून राहिले. काळाराम मंदिराच्या आणि गोदावरीच्या या गावात तुलसीरामायणाचे गायन आणि रागाचे शिक्षण एकाच अंगणात चालले.

बापूरावांचा जन्म १९२१ चा. विष्णू दिगंबरांची बरीच अपत्ये बालपणीच गेली होती, त्यामुळे हा मुलगा म्हणजे घरातली मोठी आशा. पण १९३१ च्या ऑगस्टमध्ये वडील गेले तेव्हा तो फक्त दहा वर्षांचा होता. वडिलांकडून पुरी तालीम मिळण्याआधीच छत्र हरपले. विद्या मात्र हरपली नाही, कारण ती शिष्यांमध्ये वाटून ठेवलेली होती. चिंतामणराव पलुस्करांनी शिकवले, ग्वाल्हेर गायकीतल्याच मिराशीबुवांचे मार्गदर्शन मिळाले आणि मुख्य तालीम झाली विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास या दोघांकडे. विनायकरावांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले होते. तराण्यावर त्यांची हुकमत होती आणि बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत त्यांनी भूमिकाही केल्या होत्या. नारायणराव तर स्वतःच तबकड्यांच्या जगातले लोकप्रिय गायक होते. थोड्या वेळात नेटके कसे गावे, याचा वस्तुपाठ बापूरावांना आपल्या गुरूकडेच पाहायला मिळाला. चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात ते प्रथम गायले. पंजाब ही वडिलांची कर्मभूमी. तिथल्या जाणत्या श्रोत्यांसमोर मुलाची पहिली परीक्षा झाली.

तबकडीचे गणित

त्या काळची तबकडी लाखेची असे. लाखेच्या किड्यांपासून मिळणारी राळ, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांचे मिश्रण तापवून, साच्यात दाबून ती बनवत. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या या तबकडीवर पोलादी पिन चाले आणि साडेतीन मिनिटांच्या आत बाजू संपे. भारतात हे तंत्र १९०२ साली आले, तेव्हा गायकाला भोंग्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनवर विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि हलका स्वर, लहानशी मींड, शब्दाचा कोवळा उच्चार हेही टिपले जाऊ लागले. बापूरावांचा मोकळा, गोड, अजिबात न ताणलेला आवाज या सोयीचा पुरेपूर लाभ घेतो.

त्या साडेतीन मिनिटांत हातात काय असते, ते मोजून पाहता येते. त्रितालाची लय मिनिटाला १६० मात्रांची धरली, तर तीन मिनिटांत ४८० मात्रा होतात, म्हणजे सोळा मात्रांची तीस आवर्तने. स्थायी आणि अंतरा नीट मांडण्यात, मुखडा पुन्हा पुन्हा घेण्यात त्यांतली बरीच जातात. आलाप, बोलआलाप, बोलताना आणि ताना यांना उरलेल्या आवर्तनांत आपापली जागा मिळवावी लागते. मैफलीत एखादी जागा मनाजोगती आली नाही तर गायक पुन्हा तिच्याकडे वळतो. इथे दुसरी संधी नाही. कुठला स्वरसमूह आधी घ्यायचा, कुठला राखून ठेवायचा, तार षड्जावर केव्हा पोचायचे, हे सगळे आधी ठरलेले हवे, आणि तरीही ते ठरवून गायल्यासारखे वाटता कामा नये.

ग्वाल्हेर गायकीची घडण इथे उपयोगी पडली. या घराण्यात बंदिश हा गाण्याचा कणा. रागाचे चलन बंदिशीतच बांधलेले असते, त्यामुळे ती नीट म्हटली की राग समोर उभा राहतो. लय फार रेंगाळत नाही आणि गायकीची सगळी अंगे प्रमाणात येतात. बापूरावांनी इतर घराण्यांतले सौंदर्यही मोकळ्या मनाने घेतले, पण हे प्रमाण सोडले नाही.

पाच राग, एक दिवस

त्यांच्या ध्वनिमुद्रणांतले पाच राग घेतले तरी दिवसाचा एक फेरा पुरा होतो: सकाळचा आसावरी, दुपारचा गौडसारंग, मावळतीचा श्री, रात्रीच्या पहिल्या प्रहराचा हमीर आणि पुढचा तिलककामोद. हे राग एका जातीचे नाहीत, म्हणून प्रत्येकात साडेतीन मिनिटांचा प्रश्न निराळा होतो.

गौडसारंग वक्र चालीचा राग. ‘ग रे म ग’ एवढे चार स्वर योग्य वजनाने आले की त्याची ओळख पटते. तिलककामोदचेही तसेच, ‘सा रे ग सा नि’ म्हणताच तो प्रकटतो. असे राग तबकडीला अनुकूल. धोका एवढाच की ओळख पटली म्हणून गायक तिथेच घोटाळत राहील. बापूराव ओळख दाखवून पुढे जातात, बंदिशीच्या शब्दांशी लडिवाळपणे खेळतात आणि तान घेतानाही रागाची वाकडी वाट सरळ करत नाहीत.

श्री रागाची गोष्ट वेगळी. कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, कोमल धैवत आणि ऋषभावरून पंचमाकडे जाणारी ती भारदस्त झेप. या रागाला गांभीर्य लागते आणि गांभीर्याला वेळ लागतो, असा आपला समज. बापूरावांची श्रीमधली तबकडी तो समज बदलते. स्वर जिथे हवा तिथे आणि हवा तेवढाच ठरला, तर थोडक्या अवधीतही राग भारदस्त राहतो. संगीत शिकणाऱ्याने ही तबकडी हातात कागद घेऊन ऐकावी. ऋषभ किती वेळा आला, प्रत्येक वेळी कुठून आला, मुखड्याआधी किती मात्रा मोकळ्या सोडल्या, हे टिपत गेले की रचनेचा आराखडाच हाती येतो.

भजनांचा वारसा

घराघरांत पलुस्करांचे नाव पोचले ते भजनांमुळे. बाळरामाच्या दुडक्या चालीचे तुलसीदासांचे ‘ठुमक चलत’ आणि मीरेचे ‘पायो जी मैंने’ ही त्यांची भजने अनेकांना शास्त्रीय संगीताच्या दारापर्यंत घेऊन आली. यामागे वडिलांनी घातलेली परंपरा होती. विष्णू दिगंबर संतांची पदे रागात बांधून सभांमधून गात. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात संगीत सांभाळत आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते बरोबर होते. ‘रघुपती राघव’ची विष्णू दिगंबरांच्या परंपरेतली चाल देशभर गेली, आणि त्या धुनीची बापूरावांच्या आवाजातली तबकडीही निघाली.

या भजनांत दोन गोष्टी लक्ष देऊन ऐकण्याजोग्या आहेत. एक म्हणजे शब्द. एकही अक्षर स्वराखाली दबत नाही. दुसरी म्हणजे संयम. ज्याच्या गळ्यातून तिन्ही सप्तकांत तान सहज फिरते, तो गायक भजनात हरकत घेतो ती अर्थाला शोभेल एवढीच. नाशकात रामकथेच्या छायेत वाढलेल्या मुलाला हा भाव उसना आणावा लागला नाही.

पडद्यावरची जुगलबंदी

१९५२ साली विजय भट्ट यांचा ‘बैजू बावरा’ आला. संगीत नौशाद यांचे. कथेच्या शेवटी तानसेन आणि बैजू यांची स्पर्धा होते. तानसेनसाठी उस्ताद अमीर खाँ आणि बैजूसाठी बापूराव यांचा आवाज घेतला गेला. बैजूची बाकीची गाणी महंमद रफींची. देसी रागातली ही जुगलबंदी म्हणजे दोन प्रकृतींचा सामना. अमीर खाँ वयाने नऊ वर्षांनी मोठे, त्यांचा आवाज खर्जातला, घनगंभीर. बापूरावांचा आवाज उजळ आणि खुला. कथेत बैजू जिंकतो. गाणे ऐकताना मात्र दोन्ही गायक एकमेकांना जागा देत राग वर नेताना ऐकू येतात. ज्यांनी कधी मैफल पाहिली नव्हती, अशा असंख्य प्रेक्षकांच्या कानी त्या काही मिनिटांत देसी राग पडला. बापूरावांनी आणखी एका चित्रपटासाठी गायन केले, तो म्हणजे बंगाली ‘शापमोचन’. तो १९५५ चा. त्याच वर्षी ते भारताच्या सांस्कृतिक शिष्टमंडळातून चीनला जाऊन आले, आणि ऑक्टोबरात सारे संपले.

तबकडी हाच गुरू

तबकडीवरची ही काही मिनिटे त्याच दशकात दूर अमेरिकेतही रॉक अँड रोल हे नवे गाणे घडवत होती. जुलै १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सने एल्विस प्रेस्ली या एकोणीस वर्षांच्या ट्रकचालकाची पहिली रेकॉर्ड काढली, तीही ७८ फेऱ्यांच्या आणि नव्या ४५ फेऱ्यांच्या अशा दोन्ही रूपांत. रॉक अँड रोलचा दुसरा आरंभीचा गायक बडी हॉली ३ फेब्रुवारी १९५९ रोजी बाविसाव्या वर्षी विमान अपघातात गेला. पण त्याच्या रेकॉर्डी लिव्हरपूलच्या पोरांनी झिजेपर्यंत ऐकल्या. पुढे बीटल्स म्हणून गाजलेल्या मुलांनी १९५८ साली हौसेने पहिले ध्वनिमुद्रण केले, तेव्हा त्यांनी हॉलीचेच गाणे निवडले. गायक गेल्यावरही तबकडी शिकवत राहते, हे तिथेही दिसले.

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीवर रॉक अँड रोलचा चक बेरी आहे आणि गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरही आहेत. केसरबाईंची ती भैरवीही साधारण साडेतीन मिनिटांचीच. माणसाच्या संगीताची ओळख म्हणून जे निवडले गेले, त्यात ख्यालपरंपरेतल्या गायिकेचे छोटेसे ध्वनिमुद्रण पुरेसे ठरले. छोट्या तबकडीला कमी लेखणाऱ्यांनी याचा विचार करावा.

भारतात लाँगप्ले तबकड्या रुळल्या त्या बापूराव गेल्यानंतर. मग त्यांच्या जुन्या तबकड्या आणि आकाशवाणीवरची ध्वनिमुद्रणे लाँगप्ले, कॅसेट, सीडी अशी क्रमाने पुढच्या पिढ्यांपर्यंत आली. त्यांना समोर बसून ऐकलेले श्रोते आता विरळ झाले. त्यांच्या गाण्यावरून शिकणारे मात्र वाढतच आहेत.

नाशिकचे कर्तव्य

पंचवटीत इंद्रकुंडाजवळ पलुस्करांच्या नावाचे सभागृह आहे. शहरातली मुले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिकेपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांना बसतात; हे मंडळ १९३१ साली, विष्णू दिगंबरांच्या निधनानंतर, त्यांच्याच शिष्यांनी स्थापले. म्हणजे वडिलांचे काम गावात चालू आहे. मुलाचे गाणेही तितक्याच नियमाने गावाच्या कानावर पडायला हवे. प्रत्येक संगीतवर्गात राग शिकवण्याआधी त्याची पलुस्करांची तबकडी, असेल तेव्हा, एकदा ऐकवावी. लहान मुलाचे लक्ष साडेतीन मिनिटे सहज टिकते, आणि तेवढ्या वेळात त्याला राग पुरता भेटतो.

जुन्या वाड्यांच्या माळ्यावर अजूनही लाखेच्या तबकड्या निघतात. त्या भंगारात देऊ नयेत. एकावर एक आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून जपाव्यात. स्पिरिटने पुसू नयेत. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि चरे कायमचे जातात. डिजिटल प्रत करताना दोन्ही बाजू घ्याव्यात, लेबलावरचा क्रमांक लिहून ठेवावा आणि फेऱ्यांचा वेग तपासावा. ७८ ऐवजी ८० फेऱ्यांनी तबकडी फिरली तरी आवाज जवळजवळ अर्ध्या पट्टीने चढतो, आणि मग कानावर पडतो तो बापूरावांचा खरा आवाज नसतो.

चौतीस वर्षांचे आयुष्य कमी पडले, हे कोणीही मान्य करील. पण त्यांनी जे गायले त्यात काही कमी नाही. आसावरी, गौडसारंग, श्री, हमीर, तिलककामोद या क्रमाने, ज्याच्या त्याच्या वेळी, एका दिवसात त्यांच्या या पाच तबकड्या ऐकाव्यात आणि हे ज्याचे त्याने पडताळून पाहावे.