प्रॉक्सी हजेरी आणि मामाजींची मिरची

मित्रांनो, आयुष्यात एकदाही प्रॉक्सी मारली नाही असा प्राणी होस्टेलमध्ये शोधून सापडायचा नाही. (सरांनी हे वाक्य वाचलंच नाही असं समजावं.) सर रोल नंबर पुकारतात, मागच्या बाकावरून कुणीतरी आवाज बदलून "येस सर" म्हणतो आणि काम भागतं. पण एखाद्या दिवशी सर पेन खाली ठेवून मुंडकी मोजतात. मग नुसती त्या दिवसाची हजेरी जात नाही, पुढे खरोखर हजर असलो तरी सर दोनदा बघतात.

इंटरनेटच्या दुनियेतही असंच चालतं. तिथे मी पकडला गेलो. वाईट एवढंच की शिक्षा मला नाही, माझ्या मामाजींना झाली.

मामाजींचं भिवापूरला मिरची-मसाल्याचं छोटं दुकान आहे. उमरेडच्या पुढचं हे गाव तुम्हाला मिरचीमुळेच माहीत असेल. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. दुसऱ्या वर्षाला असताना मी त्यांना वेबसाइट करून दिली. पहिल्या उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून थोड्याफार ऑर्डरी आल्या. मामाजी खूश, आणि मी तर स्वतःला मोठा इंजिनिअरच समजायला लागलो.

हाव सुटली. गूगलवर आपलं दुकान पहिल्या पानावर यावं म्हणून मी इंटरनेटवरच्या एका जाहिरातीला भुललो. "तीन हजारांत पाचशे बॅकलिंक, रँक वाढण्याची गॅरंटी!" मामाजींकडून पैसे घेतले आणि भरून टाकले. काय विकत घेतोय हे त्यांना नीट सांगितलंही नाही. महिनाभर साइट खरंच वर चढली. मग जानेवारीत, म्हणजे वर्षाचं तिखट करायचा हंगाम तोंडावर असताना, एकदम गायब. मामाजींचा फोन आला, "काऊन बे पोट्ट्या, आपलं दुकान कुठी गेलं? गिऱ्हाईक म्हणते दिसूनच नाही रायलं."

बॅकलिंक म्हणजे काय?

दुसऱ्या एखाद्या साइटने आपल्या साइटचा दिलेला दुवा म्हणजे बॅकलिंक. 1998 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी या दुव्यांवरून पानांचं वजन ठरवायची पद्धत मांडली, तिचं नाव पेजरँक. कल्पना आपल्या ओळखीचीच आहे. ज्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर निबंध करतात तो महत्त्वाचा. शिवाय प्रत्येक मत सारखं नसतं. एचओडी सरांनी केलेली शिफारस वेगळी आणि कॅन्टीनमध्ये चहा पिणाऱ्या मित्राने केलेली वेगळी.

पण मताला किंमत आली की मतं विकत घेणारेही येतात. पैसे देऊन घेतलेले दुवे, एकमेकांना दुवे देण्यासाठीच उभ्या केलेल्या पोकळ साइट्स, कुठल्याही लेखाखाली चिकटवलेले दुवे, ही सगळी इंटरनेटवरची प्रॉक्सी.

मोठेही सुटले नाहीत

फेब्रुवारी 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या दुकान-साखळीचं प्रकरण बाहेर काढलं. कपडे, चादरी, गालिचे, काहीही शोधा, हीच कंपनी वर. कारण शेकडो असंबद्ध साइट्सवर तिचे हजारो दुवे पेरलेले होते. गूगलने कारवाई केली आणि कंपनी धाडकन खाली आली. जानेवारी 2012 मध्ये तर गूगलने स्वतःच्याच क्रोम ब्राउझरच्या पानाला किमान 60 दिवस मागे ढकललं, कारण त्याच्या जाहिरात मोहिमेतल्या पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुरात दुवा सापडला. घरच्या पोरालाही सूट नाही!

24 एप्रिल 2012 ला पेंग्विन नावाचा अल्गोरिदम आला. आधी त्याची तपासणी अधूनमधून व्हायची, त्यामुळे चूक सुधारली तरी पुढच्या फेरीपर्यंत ताटकळावं लागे. सप्टेंबर 2016 पासून तो सतत चालू राहू लागला आणि साइटला खाली ओढण्याऐवजी वाईट दुव्यांची किंमतच शून्य करू लागला. डिसेंबर 2022 पासून असले दुवे ओळखायला स्पॅमब्रेन ही यंत्रणाही वापरली जाते.

दुखणं कोणतं ते आधी ओळखा

साइट घसरण्याचे इथे दोन प्रकार आहेत. पहिला म्हणजे मॅन्युअल अ‍ॅक्शन. गूगलचा माणूस साइट तपासतो आणि दंड करतो. याची नोटीस सर्च कन्सोलमध्ये स्पष्ट येते. दुसरा अल्गोरिदमचा. यात नोटीस नाही. खोट्या दुव्यांचं वजन काढून घेतलं जातं आणि साइट मुळात जिथे असायला हवी तिथे येऊन बसते. याला अर्ज-विनंती चालत नाही. चांगला मजकूर आणि खरे दुवे मिळवणं हाच उपाय. कधी कधी घसरणीचं कारण दुवे नसतातही. सर्व्हर बंद असतो किंवा पानंच नीट उघडत नसतात. म्हणून आधी सर्च कन्सोल उघडा.

मी उघडलं. नोटीस होती : साइटकडे येणारे अनैसर्गिक दुवे.

बाहेर कसं पडायचं?

1. यादी काढा. सर्च कन्सोलमधल्या दुव्यांच्या अहवालातून बाहेरचे दुवे उतरवून घ्या. माझ्या यादीत जुगाराच्या साइट्स होत्या, परदेशी औषधांच्या होत्या. दुव्यावरचे शब्द मात्र सगळीकडे एकच, "भिवापुरी मिरची ऑनलाइन". खरी माणसं अशी एका सुरात बोलत नाहीत. इथेच प्रॉक्सी पकडली जाते.

2. दुवे काढायला लावा. त्या त्या साइटच्या मालकाला पत्र लिहा, कुणाला कधी लिहिलं याची नोंद ठेवा. मला बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. काहींनी दुवा काढायचे उलट पैसे मागितले.

3. उरलेले नाकारा. ऑक्टोबर 2012 पासून गूगलने दुवे नाकारण्याचं साधन दिलेलं आहे, त्याला डिसअ‍ॅव्हो म्हणतात. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एका ओळीत एक पत्ता लिहायचा. पूर्ण साइटच नाकारायची तर पत्त्याआधी डोमेन हा शब्द आणि कोलन (:) द्यायचं. पण जपून! चांगले दुवे यात गेले तर नुकसान आपलंच. नोटीस आली असेल किंवा आपणच दुवे विकत घेतलेले असतील तरच हे औषध घ्या. कुणीतरी परस्पर टाकलेल्या भुरट्या दुव्यांकडे गूगल बहुतेक वेळा आपणहून दुर्लक्ष करतं.

4. फेरविचाराचा अर्ज करा. इथे मी दुसऱ्यांदा चुकलो. पहिल्या अर्जात लिहिलं, "हे दुवे कुणी टाकले ठाऊक नाही." पत्रव्यवहाराची नोंद जोडली नाही, निम्मे दुवे यादीत धरलेच नाहीत. अर्ज फेटाळला गेला. त्या रात्री मेसमध्ये जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मामाजींना फोन करून सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तिखटात रंग टाकला न तू? मंग तसंच लिहून टाक त्याइले. माल साफ करून दाखव."

तसंच लिहिलं. किती पैसे दिले, कुठले दुवे घेतले, किती काढले, किती नाकारले, पुन्हा करणार नाही. काही आठवड्यांनी कारवाई मागे घेतल्याचा निरोप आला, तोवर एप्रिल उजाडला होता. हंगाम गेलाच. आणि दंड उठला तरी साइट पूर्वीच्या जागी आली नाही. ती जागा खोट्या मतांनी मिळालेली होती, ती मतं आता उरली नव्हती.

पथ्य

दुवे विकत घेऊ नका. जाहिरातीसाठी पैसे दिलेच तर त्या दुव्यावर "नोफॉलो" (2005 पासून) किंवा "स्पॉन्सर्ड" (2019 पासून) अशी खूण लावायला सांगा, मग तो मत म्हणून धरला जात नाही. "गॅरंटी" म्हणणाऱ्यापासून दूर राहा, पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही. महिन्यातून एकदा सर्च कन्सोल बघत जा. आणि लोकांना आपणहून दुवा द्यावासा वाटेल असं काहीतरी साइटवर ठेवा.

आम्ही तेच केलं. मामाजी सांगत गेले, मी लिहीत गेलो : मिरची कशी वाळवतात, देठ कधी खुडतात, भेसळीचं तिखट कसं ओळखायचं. वर्षभरात सात-आठ दुवे मिळाले, एक स्वयंपाकावर लिहिणाऱ्या बाईंचा, बाकीचे गिऱ्हाइकांचे. पाचशेच्या जागी सात-आठ! पण या वर्षी ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या आहेत.

ते तीन हजार मी पार्टटाइम काम करून परत द्यायला गेलो, तर मामाजींनी घेतले नाहीत. म्हणाले, "राहू दे, तुह्या शिक्षणात लागले समज." मित्रांनो, तुमच्या घरच्या दुकानाची साइट करायला घ्याल तेव्हा ही फी पुन्हा भरू नका, म्हणून हा लेख.