न सांगितलेल्या उन्हाळ्याचं रहस्य

रहस्यकथा म्हटली की खून, पोलीस, पुरावे हा क्रम आपल्या डोक्यात पक्का असतो. ई. लॉकहार्ट यांच्या २०१४ साली आलेल्या ‘वुई वेअर लायर्स’ या किशोरवयीनांसाठीच्या कादंबरीत छडा लावणारी मुलगी अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आहे, आणि ती शोधते आहे स्वतःच्याच आयुष्यातला एक उन्हाळा. हे रहस्य कसं रचलं आहे, ते टप्प्याटप्प्याने पाहू. उत्तर मात्र इथे फोडणार नाही.

आधी मांडणी. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्याजवळ बीचवूड नावाचं एक काल्पनिक खासगी बेट आहे. ते हॅरिस सिंक्लेअर या श्रीमंत आजोबांच्या मालकीचं. त्यांचं मोठं घर क्लेअरमाँट, आणि तीन मुलींसाठी बांधलेली तीन घरं. दर उन्हाळ्यात सगळं गोत तिथे जमतं. थोरली नात केडन्स, मावसभाऊ जॉनी, मावसबहीण मिरेन आणि गॅट या चौघांची घट्ट मैत्री. गॅटचं आडनाव पाटील. केडन्सच्या कॅरीमावशीचा जोडीदार एड पाटील, गॅट त्याचा पुतण्या. दोघेही भारतीय वंशाचे. आजोबा गॅटला कधी नावाने हाक मारत नाहीत, ही गोष्ट त्याच्या बरोबर लक्षात आलेली आहे.

पंधराव्या वर्षीच्या उन्हाळ्यात केडन्स डोक्याला मार लागलेल्या अवस्थेत समुद्रकिनाऱ्यावर एकटी सापडते. तेव्हापासून तिचं डोकं भयंकर दुखतं आणि त्या सुट्टीतलं बरंच काही आठवत नाही. पुढच्या उन्हाळ्यात वडील तिला युरोपला नेतात. सतराव्या वर्षी ती बेटावर परतते, आणि शोध सुरू होतो.

आता या रचनेतली पहिली युक्ती. सुरुवातीलाच वडील घर सोडून जातात. केडन्स सांगते, त्यांनी पिस्तूल काढून तिच्या छातीत गोळी झाडली आणि रक्त अंगणभर वाहिलं. आई मात्र तिला दटावते, स्वतःला सावर, नीट वाग. गोळी खरी नसते. ते दुःखाचं वर्णन असतं. पण इथेच वाचकाला एक धडा मिळतो : ही मुलगी खोटं बोलत नसली, तरी तिचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं घ्यायचं नाही. शेवट अनेकांना चकवतो तो हा धडा मिळूनही विसरल्यामुळे.

दुसरी युक्ती एका रास्त शंकेवरची. काय झालं ते ही मुलगी सरळ आईला का विचारत नाही? लेखिकेने ही फट बुजवली आहे. केडन्स विचारते, अनेकदा विचारते. आई म्हणते, मी सांगते आणि तू विसरतेस. आता तुझं तुलाच आठवू दे, असा डॉक्टरांचा सल्ला आहे. त्यामुळे घरातल्या साऱ्यांची अळीमिळी गुपचिळी वाचकाला पटते, आणि केडन्सला जे जे कळेल ते लिहून पलंगाच्या वर चिकटवत बसावं लागतं.

तिसरी युक्ती आठवणीच्या स्वभावावर बेतलेली. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी काही विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली. गाड्या एकमेकींना ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता, असं विचारल्यावर आलेले अंदाज कमी होते. त्याऐवजी ‘चक्काचूर होण्याइतक्या आदळल्या’ अशा अर्थाचं क्रियापद वापरलं की अंदाज वाढले. आठवण दरवेळी नव्याने जुळवली जाते, आणि जुळवताना इतरांचे शब्द तिच्यात मिसळतात. केडन्सच्या हाती घरच्यांनी ‘अपघात’ हा एकच शब्द दिलेला आहे. ती सारी जुळवाजुळव त्या शब्दाभोवती करते. शिवाय तिला आधी आठवतं ते स्वतःला सोसवेल तेवढंच. जड भाग मागाहून येतो.

चौथी युक्ती परीकथांची. राजा आणि त्याच्या तीन मुली ही गोष्ट मधूनमधून वेगवेगळ्या रूपांत येते. जे केडन्सला घराबद्दल थेट बोलता येत नाही, ते ती राजवाड्याबद्दल बोलते. प्रत्यक्षात आजी गेल्यानंतर तिघी बहिणींत घरांवरून, पैशावरून, आजीच्या वस्तूंवरून भाऊबंदकी पेटलेली असते, आणि आजोबा त्यांना एकमेकींविरुद्ध खेळवत असतात. आई केडन्सला आजोबांकडे पाठवते : आपलं घर तुला किती आवडतं ते त्यांना सांग. नातीच्या मायेचा वाटणीसाठी असा वापर होतो, आणि तो कुणाला खटकतही नाही.

खुणा मात्र सगळ्या उघड्यावर असतात. जुन्या क्लेअरमाँटच्या जागी नवं घर उभं आहे. केडन्सच्या ईमेलना भावंडांची उत्तरं येत नाहीत. कॅरीमावशी रात्री-अपरात्री बाहेर फिरते. आजोबा केडन्सला मिरेन म्हणून हाक मारतात. प्रत्येक खुणेला लगोलग एक साधं कारण मिळतं, म्हणून आपण पुढे सरकतो. म्हाताऱ्या माणसाची नावांत गल्लत व्हायचीच, असं आपणच म्हणतो.

माझ्या मते या कादंबरीचं खरं बळ शेवटच्या धक्क्यात नाही. डोक्याला मार बसण्याच्या कितीतरी आधीपासून हे घर विसरण्याचा सराव करत आलेलं आहे. घटस्फोटावर बोलायचं नाही, आजीच्या मृत्यूवर रडायचं नाही, भांडण बाहेर दिसू द्यायचं नाही. केडन्सचा स्मृतिभ्रंश हे त्याच शिस्तीचं टोक आहे. घरातली गोष्ट घरातच ठेवा, असं बजावत मोठे जे झाकतात, त्याचा हिशेब मुलांना चुकता करावा लागतो.

म्हणून हे पुस्तक लगेच दुसऱ्यांदा वाचावं, आणि त्या वेळी केडन्सकडे न पाहता मोठ्यांकडे पाहावं. कोण कुठल्या प्रश्नावर विषय बदलतं, जेवताना कोण गप्प बसतं, कोण खोली सोडून जातं. उत्तर त्यांच्यापाशी पहिल्या दिवसापासून होतं.