पट्टा बांधताना, पट्टा सोडताना

कबड्डीत चढाई करून परतणारा खेळाडू मध्यरेषेकडे वळताना पाय जमिनीत रोवतो. पाऊल जागेवर राहतं, मांडी फिरते आणि आतून ‘कट्’ असा आवाज येतो. दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगतो. फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना कितीतरी मुलामुलींकडून हा प्रसंग मी जवळपास याच शब्दांत ऐकला आहे. त्यांतली बरीच जणं औषधांच्या दुकानातून घेतलेली कापडी नी-कॅप चढवूनच येतात. नी-कॅपने ऊब मिळते, सूज थोडी दबते, मनाला धीर येतो. फाटलेल्या लिगामेंटचं काम मात्र तिला जमत नाही.

उपचारात वापरतात तो ब्रेस वेगळा असतो. मांडी आणि पोटरी धरणारे पट्टे, दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या आणि गुडघ्याजवळ बिजागरी. बिजागरीवरच्या तबकडीने गुडघा किती अंश वाकू द्यायचा हे ठरवता येतं. आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे एमसीएल, एकटंच दुखावलं असेल तर हा ब्रेस फार गुणाचा. या लिगामेंटला रक्तपुरवठा चांगला असतो, त्यामुळे बहुतेक वेळा ते शस्त्रक्रियेशिवाय जुळतं. ब्रेस गुडघ्याला आडवं फाकू देत नाही, पण वाकू देतो. चार ते सहा आठवडे एवढं मिळालं की पुष्कळदा काम होतं.

एसीएलची, म्हणजे गुडघ्याच्या आत असलेल्या पुढच्या लिगामेंटची, गोष्ट अवघड. ते सांध्याच्या पोटात, वंगणासारख्या द्रवात असतं. तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही आणि तुटलेल्या टोकांमध्ये पूल बांधला जात नाही. म्हणून ते आपोआप जुळत नाही, असंच अनेक वर्षं मानलं गेलं. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी या समजुतीला धक्का दिला. त्यांनी ताज्या दुखापतीच्या 80 रुग्णांचे गुडघे ब्रेसमध्ये 90 अंशांत वाकवून चार आठवडे जखडले, कारण त्या स्थितीत तुटलेली टोकं जवळ येतात. मग दर आठवड्याला थोडी मोकळीक देत बाराव्या आठवड्याला ब्रेस काढला. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार तीन महिन्यांच्या एमआरआयमध्ये दहापैकी नऊ जणांत लिगामेंट जुळल्याच्या खुणा दिसल्या. मला ही बातमी फार मोलाची वाटते. पण त्यांतल्या 11 जणांचं लिगामेंट पुन्हा दुखावलं आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही सांगायला हवं. शिवाय पाय असा जखडला की पोटरीच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. हा प्रयोग घरी करण्याचा नाही.

आपल्याकडे खेळणाऱ्या तरुणांत बहुधा शस्त्रक्रियेचा मार्ग निवडला जातो. मांडीमागचा किंवा वाटीखालचा कंडरा घेऊन नवं लिगामेंट बसवतात. त्यानंतर सुरुवातीला चालताना ब्रेस सरळ स्थितीत कुलूपबंद ठेवतात, कारण मांडीचा पुढचा स्नायू झोपलेला असतो. सांध्यातली सूजच त्याला गप्प बसवते. त्याला जागं करणं हे पुनर्वसनाचं खरं काम. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मग सरळ पाय उचलायचा. उचलताना गुडघा जरा जरी वाकला तरी कुलूप उघडायची वेळ आलेली नाही, असं मी समजते. घरचे लोक मायेने गुडघ्याखाली उशी देतात, ती काढा. टाचेखाली द्या, म्हणजे गुडघा पूर्ण सरळ होईल. सुरुवातीला राहिलेला पाच अंशांचा बाक पुढे महिनोन् महिने छळतो.

फक्त एसीएलची शस्त्रक्रिया असेल, तर ब्रेस लावलेल्या आणि न लावलेल्या रुग्णांत पुढे फारसा फरक अभ्यासांत आढळलेला नाही. म्हणून काही सर्जन तो देतच नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी दिला नाही म्हणून घाबरू नका. गादी, म्हणजे मेनिस्कसही शिवली असेल, तर मात्र वाकण्यावरची मर्यादा कसोशीने पाळावी लागते.

बांधणीत चुका फार होतात. बिजागरीचा मध्य वाटीच्या मध्याच्या पातळीत यायला हवा. मांडी बारीक होत जाते तसा ब्रेस खाली घसरतो, मग गुडघा एकीकडे आणि बिजागरी भलतीकडे. आठवड्याला एकदा पट्टे नव्याने जुळवून घ्या. घामाचे दिवस असतील तर आत सुती मोजा घाला. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला थोडं खाली एक नस हाडावरूनच जाते. तिथे पट्टा करकचला तर पावलावर मुंग्या येतात, पाऊल वर उचलता येईनासं होतं. तसं झालं की पट्टा लगेच सैल करून डॉक्टरांना कळवा. पोटरी दुखून सुजली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

माझ्याकडे येणारी एक खो-खोपटू तिसऱ्या महिन्यात ब्रेस लावून मैदानात उतरायची परवानगी मागत होती. दुखत नव्हतं, सूज नव्हती. नेमक्या याच काळात नवं लिगामेंट कच्चं असतं. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरत असतात, धागे नव्याने विणले जात असतात. नऊ महिन्यांच्या आत खेळात परतणाऱ्यांना पुन्हा दुखापतीचा धोका बराच जास्त असतो आणि कुठलाही ब्रेस ते महिने कमी करून देत नाही. मी तिच्या दोन्ही मांड्या टेपने मोजल्या. ऑपरेशनची मांडी तीन सेंटिमीटर बारीक होती. तिने ते आकडे वहीत लिहून घेतले, ब्रेस पिशवीत ठेवला आणि पायरी चढण्या-उतरण्याच्या व्यायामाला उभी राहिली.