चित्रात नसलेले हात

मार्च १८८१. सेंट पीटर्सबर्गच्या निकोलायेव्स्की लष्करी रुग्णालयातली एक उंच छताची, भरपूर उजेडाची खोली. रुग्ण खुर्चीत बसलेला आणि त्याच्या समोर, एका लहानशा टेबलाशी अंग चोरून बसलेला चित्रकार. इझलसुद्धा नाही, जमेल तसा कॅनव्हास टेकवून काम चाललंय. चित्रकाराचं नाव इल्या रेपिन, वय छत्तीस, रशियाभर नाव झालेलं. खुर्चीतला माणूस त्याच्याहून पाचच वर्षांनी मोठा, पण दिसायला कितीतरी थकलेला. तो मोदेस्त मुसोर्गस्की, ‘बोरिस गोदुनोव’ या ऑपेराचा कर्ता. रेपिन त्याच्या गाण्यांवर जवळजवळ दहा वर्षं जीव टाकत आला होता.

बैठका चार झाल्या. तेव्हाच्या रशियन पंचांगाप्रमाणे २ ते ५ मार्च, आपल्या हिशेबानं १४ ते १७. पाचवी बैठक झाली नाही. १६ मार्चला, म्हणजे आपल्या २८ तारखेला, मुसोर्गस्की गेला.

बाहेर शहर हादरलेलं होतं. १ मार्चला झार दुसरा अलेक्सांद्र बॉम्बहल्ल्यात मारला गेला आणि दुसऱ्याच दिवशी रेपिननं ब्रश हातात घेतला. बैठकीच्या वेळी दोघं वर्तमानपत्रं वाचत, आणि सगळ्या पानांवर तोच एक भयानक विषय, असं रेपिननं पुढे आठवणींत लिहिलं आहे. रुग्णालयात प्रवेश मिळवणं हीसुद्धा एक कसरतच झाली होती. हा दवाखाना सैनिकांसाठी, आणि मुसोर्गस्कीनं फौज सोडून वीस वर्षं उलटून गेलेली. नंतर सरकारी खात्यांत खर्डेघाशी केली, तीही १८८०च्या सुरुवातीला सुटली. मित्र वर्गणी काढून दरमहा पैसे देत होते, अट इतकीच की अर्धवट ऑपेरे पुरे करावेत. दारूनं ते होऊ दिलं नाही. फेब्रुवारीत तो कोसळला, तेव्हा लेव बेर्तेनसोन या डॉक्टरनं शक्कल लढवली आणि त्याची नोंद चक्क आपला अर्दली म्हणून केली. रशियन संगीताचा एक शिखरपुरुष कागदोपत्री डॉक्टरचा नोकर होऊन त्या खोलीत राहिला.

व्लादिमिर स्तासोव हा या सगळ्यांना बांधून ठेवणारा माणूस. सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी, आवाज मोठा, उत्साह त्याहून मोठा. कलेवर लिहिणं आणि कलावंतांना एकमेकांच्या घरी नेऊन बसवणं हा त्याचा खरा धंदा. बालाकिरेव, बोरोदिन, क्यूई, रिम्स्की-कोर्साकोव आणि मुसोर्गस्की या संगीतकारांच्या टोळक्याला ‘बलाढ्य मूठभर’ हे नाव चिकटलं ते त्याच्याच एका लेखामुळे. मूठभर म्हणजे खरोखरच मूठभर, आणि त्यातले बहुतेक पोटासाठी दुसरंच काही करणारे. बोरोदिन रसायनशास्त्रज्ञ, क्यूई किल्लेबांधणीचा इंजिनीअर, रिम्स्की-कोर्साकोव नौदलातला. स्तासोवच्या बैठकींतच रेपिननं मुसोर्गस्कीला पियानोवर बसून गाताना ऐकलं.

त्या गाण्यांत रेपिनसारख्या माणसाला काय सापडलं असेल, हे कळायला एकच गाणं पुरे. १८६५च्या उन्हाळ्यात मुसोर्गस्की खेड्यात मुक्कामाला होता. खिडकीतून त्याला दिसलं की गावातला एक वेडसर, कुरूप माणूस एका तरुणीला आपलं प्रेम सांगतोय, गयावया करतोय आणि स्वतःचीच लाजही वाटून घेतोय. पुढल्या वर्षी त्याचं ‘स्वेतिक सावीश्ना’ हे गाणं झालं. पाच मात्रांचा ताल, आणि गाणाऱ्याला श्वास घ्यायलाही कुठे उसंत नाही. त्या माणसाची धाप, त्याचं अडखळणं, धाडस संपायच्या आत सगळं बोलून टाकण्याची त्याची घाई, सगळं सुरांत उतरलेलं. सुंदर चाल बांधायची आणि तीत शब्द बसवायचे, हा रिवाज मुसोर्गस्कीनं उलटा केला. माणूस बोलतो कसा, चिडला की आवाज कुठे चढतो, खोटं बोलताना कुठे घसरतो, ते आधी टिपायचं. चाल त्यातूनच निघते. १८६८ साली त्यानं गोगोलचं एक नाटक जवळजवळ शब्दन्‌शब्द तसंच ठेवून सुरांत बसवायला घेतलं होतं. पहिला अंक झाला आणि प्रयोग तिथेच थांबला.

थोडक्यात, तो सुरांनी व्यक्तिचित्रं काढत होता. व्होल्गाच्या काठावर बोटी ओढणाऱ्या मजुरांचे चेहरे १८७०पासून तीन वर्षं घासूनपुसून रंगवणाऱ्या रेपिनला हा माणूस आपल्याच पेशातला वाटला, तर नवल नाही.

दोघांचं पहिलं एकत्र काम लहान मुलांवरचं निघालं. ‘बालघर’ ही मुसोर्गस्कीची गीतमाला: दाईकडे गोष्टीचा हट्ट धरणारं पोर, कोपऱ्यात उभं केलेलं पोर, बाहुलीला झोपवणारी मुलगी. १८७२ साली ती छापली गेली तेव्हा मुखपृष्ठ रेपिननं काढलं. त्याच वर्षी त्याच्या घरी पहिली मुलगी जन्मली होती, हा योगायोगही असेल. पुढल्या वर्षी मुसोर्गस्कीनं त्याला एक लांबलचक पत्र लिहिलं. तीन घोड्यांच्या रशियन गाडीचं रूपक घेऊन त्यानं रेपिनला मधला, मुख्य घोडा म्हटलं. स्वतःला आणि शिल्पकार अंतोकोल्स्कीला बाजूला जुंपलं. घोडे आपापल्या दिशेला ओढत असले तरी ओझं पुढे जातंय, असा त्याचा भाव होता.

देवाणघेवाण एकतर्फी मात्र नव्हती. १८७७ साली रेपिननं आपल्या गावाकडच्या एका धर्मगुरूचं चित्र काढलं, ‘प्रोतोदियाकोन’. भलंमोठं पोट, लालबुंद चेहरा, खाण्यापिण्यावर वासना असलेले डोळे. मुसोर्गस्कीनं ते पाहिलं आणि स्तासोवला कळवलं की हा तर धगधगता डोंगर आहे, हा तर वार्लाम आहे! वार्लाम म्हणजे ‘बोरिस गोदुनोव’मधला दारुडा, भटका भिक्षू. आपण सुरांत घडवलेला माणूस त्याला दुसऱ्याच्या कॅनव्हासवर भेटला होता. रेपिन रंगवताना वार्लाम गुणगुणत होता की नाही, कोण सांगणार? पण मुसोर्गस्कीची खात्री पटली होती.

चित्रकार मित्राचं ऋण मुसोर्गस्कीनंही एकदा फेडलं होतं, फक्त तो मित्र दुसरा होता. विक्तोर हार्टमन हा वास्तुकार-चित्रकार १८७३ साली, चाळिशीही न गाठता, अचानक गेला. स्तासोवनं पुढल्या वर्षी त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. मुसोर्गस्की ते पाहून आला आणि जून १८७४मध्ये काही आठवड्यांत त्यानं ‘प्रदर्शनातली चित्रं’ ही पियानोरचना लिहून काढली. आज जगभर ऐकली जाते ती बहुधा फ्रेंच संगीतकार राव्हेलनं १९२२ साली वाद्यवृंदासाठी केलेल्या रूपात. मधली अठ्ठेचाळीस वर्षं ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाहीत. रचनेत दहा चित्रं, आणि मध्येमध्ये ‘फेरफटका’ नावाचा एक तुकडा परतपरत येतो. एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत चालत जाणारा तो प्रेक्षक स्वतः मुसोर्गस्कीच आहे. या तुकड्यांत माझा चेहरा दिसेल, असं त्यानंच स्तासोवला लिहिलं होतं. कधी पाच मात्रा, कधी सहा, अशी ती चाल जरा डुलत जाते. अंगानं भारी माणूस दालनातून चालावा तशी.

म्हणजे रेपिन रुग्णालयात पोचला तोवर मुसोर्गस्कीनं स्वतःचं एक व्यक्तिचित्र आधीच काढून ठेवलं होतं.

रेपिनचं चित्र मोठं नाही. उंची सुमारे सत्तर सेंटिमीटर, आज ते मॉस्कोच्या त्रेत्याकोव कलादालनात आहे. हिरवट अंगरखा, त्याला किरमिजी रंगाचे रुंद काठ, आत भरतकाम केलेला रशियन सदरा. केस विस्कटलेले, दाढीही. नाक लाल, आणि ते का लाल आहे हे लपवण्याची कसलीही धडपड नाही. मागे फक्त करड्या उजेडाची मोकळी भिंत. आपल्याकडे गवयाचं चित्र म्हटलं की तंबोरा आला, शाल आली, जमल्यास एखादं पदकही आलं. इथे पियानो नाही, सुरावटीचा कागद नाही. चित्र छातीपाशी संपतं, त्यामुळे हातसुद्धा नाहीत. त्या काळी पीटर्सबर्गमध्ये गायकांच्या साथीला याच्यासारखा पियानोवादक क्वचित मिळायचा. गायिका दार्या लिओनोवाबरोबर १८७९ साली त्यानं दक्षिण रशियाचा दौरा केला तो याच हातांच्या जोरावर. ते हात चौकटीबाहेर राहिले.

उरले डोळे. फिकट, ओलसर, बघणाऱ्याला चुकवून कुठेतरी बाजूला लागलेले. खालचा चेहरा सुजलेला आणि सैल, पण कपाळ आणि डोळे जागे आहेत. ब्रशचे फटकारे मोकळे, केसांत तर जवळजवळ बेफिकीर. मात्र डोळ्यांपाशी तोच हात सावकाश झालाय. चार दिवसांत हे साधलं, त्याचं श्रेय नुसत्या हातचलाखीला देता येणार नाही. ज्या माणसाच्या गाण्यांनी वेडसर प्रेमिकाला हसण्यावारी नेलं नाही आणि दारुड्या भिक्षूला सभ्य केलं नाही, त्याला रंगवायला बसलेला चित्रकार त्याचं नाक गोरं कसं करणार? रेपिन त्याच्याकडूनच शिकलेला धडा त्याच्यावर चालवत होता. मुसोर्गस्कीनं दुसऱ्यांची चित्रं जशी काढली, तसंच हे त्याचं निघालं.

तरी एक टोचणी राहतेच. त्या आठवड्यात तो बरा होता, शुद्धीत होता, दारूला सक्त बंदी होती. नंतर पहाऱ्यावरच्या माणसाला त्यानं पटवलं, कोन्याकची बाटली आत आली आणि सगळं संपलं, असं रेपिननंच लिहून ठेवलं आहे. अशा अवस्थेतला मित्र रंगवावा का? मुसोर्गस्कीचे चांगल्या दिवसांतले फोटो उपलब्ध आहेत, नीटनेटके, कोट घातलेले. पण पुस्तकांवर, ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर, मैफलींच्या पत्रिकांवर छापला जातो तो हाच रुग्णालयातला चेहरा. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यातले चार दिवस बाकीच्या सगळ्यांवर पसरले. ही फिर्याद खोटी नाही. पण चित्रासमोर उभं राहिलं की ती फार काळ टिकत नाही, कारण त्या नजरेत रेपिननं कीव येऊ दिलेली नाही.

चित्र लवकरच प्रदर्शनात गेलं. इवान क्राम्स्कोय हा त्या पिढीतला व्यक्तिचित्रांचा दादा चित्रकार. तो आला, त्यानं एक खुर्ची ओढली, चित्राच्या अगदी नाकाशी नेऊन ठेवली आणि बराच वेळ तिथून हलला नाही. ही हकीकत स्तासोवनं लिहिली आहे, आणि स्तासोव रंगवून सांगणारा होता हे खरं; पण व्यक्तिचित्रकारानं दुसऱ्याचं चित्र इतक्या जवळून बघावं, यात न पटण्यासारखं काही नाही. ब्रश कुठे उचलला, कुठे दाबला, हे दुरून दिसत नाही.

मॉस्कोचा कापड-व्यापारी आणि संग्राहक पावेल त्रेत्याकोव यानं चित्र विकत घेतलं. किंमत ठरली ४०० रुबल. रेपिननं ते पैसे स्वतःकडे ठेवले नाहीत. मुसोर्गस्कीच्या थडग्यावर स्मारक उभारण्यासाठी देऊन टाकले. अलेक्सांद्र नेव्स्की मठाच्या आवारातल्या तिख्विन दफनभूमीत १८८५ साली ते स्मारक उभं राहिलं. पुढे रेपिननं त्या टोळक्यातले आणखी संगीतकार रंगवले. बोरोदिनला १८८८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. क्यूईला १८९० मध्ये, रिम्स्की-कोर्साकोवला १८९३ मध्ये. चित्रं चांगली आहेत, पोशाख नीट आहेत, माणसं आपापल्या जागी रुबाबात आहेत. घाई मात्र कुठेच नाही, आणि त्या घाईबरोबर आलेली जवळीकही नाही.

मुसोर्गस्की गेल्यावर स्तासोवनं त्याचं चरित्र लिहायला घेतलं आणि मित्रांकडे आठवणी मागितल्या. बोरोदिननं लिहिलेली आठवण १८५६ची आहे. योगायोग असा, की तीही एका लष्करी रुग्णालयातलीच. बोरोदिन तिथे पाळीवरचा डॉक्टर, आणि मुसोर्गस्की पाळीवरचा अधिकारी, वय सतरा. अंगावर नवाकोरा, चापून बसणारा गणवेश, केस चोपडलेले, मध्येमध्ये फ्रेंच शब्द. संध्याकाळी तो पियानोवर बसायचा, इटालियन ऑपेऱ्यांतले तुकडे लाडिकपणे वाजवायचा, आणि भोवतीच्या बायका वाहवा करायच्या. बोरोदिनला पंचवीस वर्षांनंतरही त्याचे हात आठवत होते: निगा राखलेले, खानदानी, नखं कोरून काढल्यासारखी.