पॅलेस थिएटर ते केशवराव भोसले नाट्यगृह : एका नामांतराचा अर्थ

रंगभूमीच्या इतिहासात नाटककार, नट आणि मंडळ्या यांची नोंद जितक्या आस्थेने झाली, तितकी प्रयोगस्थळांची झालेली नाही. कोल्हापुरातील केशवराव भोसले नाट्यगृहाचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात हे नाट्यगृह बांधविले. १९०२च्या युरोप प्रवासात पाहिलेल्या वास्तूंची प्रेरणा त्यामागे होती, असे सांगितले जाते. शेजारीच खासबागेचे कुस्तीमैदान उभे राहिले. मल्लविद्या आणि नाट्यकला यांना एकाच आवारात मिळालेला हा राजाश्रय होता. वास्तूचे मूळ नाव ‘पॅलेस थिएटर’. या नावात आश्रयदाता आहे, कलावंत नाही.

संगीत नटवर्य केशवराव भोसले (१८९०-१९२१) हे कोल्हापूरचेच. ‘ललितकलादर्श’ ही मंडळी त्यांनी १९०८मध्ये स्थापन केली. नाट्यगृह उभे राहिले तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. म्हणून १९१५च्या संदर्भात आजचे नाव वापरल्यास ही वास्तू त्यांचे स्मारक म्हणूनच बांधली गेली, असा गैरसमज संभवतो. उलट, जुन्या लेखनातील ‘पॅलेस थिएटर’ ही निराळी वास्तू समजली गेल्यास एकाच रंगमंचाचा इतिहास दोन ठिकाणी विभागला जातो. अभ्यासकाने दोन्ही नावे कालक्रमाने जोडून वाचणे अगत्याचे आहे.

१९४९मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाले. राजाश्रय संपला आणि १९५७मध्ये नाट्यगृहास केशवरावांचे नाव देण्यात आले. राजवाड्याची ओळख मागे पडून नटाची ओळख पुढे आली. हे नामांतर म्हणजे केवळ पाटी बदलणे नव्हे. नाट्यगृहाचा धनी कोण, या प्रश्नाचे ते नवे उत्तर होते. पुढे ही वास्तू महानगरपालिकेकडे आली आणि नाटकांखेरीज शहराच्या सांस्कृतिक कार्यक्रमांचेही स्थान बनली.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, आगीत रंगमंच आणि छप्पर भस्मसात झाले. दगडी भिंती मागे उरल्या. त्यानंतर पुनर्बांधणीचा प्रश्न पुढे आला. भिंती शाहूकालाची साक्ष देतात. नाव मात्र रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या नटाचे आहे. वास्तू जशीच्या तशी उभारली, पण तेथे नाटक करणे स्थानिक मंडळ्यांच्या आवाक्याबाहेर गेले, तर त्या नावाचा अर्थ उरणार नाही.